तेलुगू गल्लीत आली, इंग्रजीही तशीच येते: कानाने शिकायची पद्धत

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या कुणालाही विचारा, तू तेलुगू कधी शिकलास? तो तुमच्याकडे बघतच राहील. शिकलो कुठे, येतेच की. आमचं घर मराठी, पण भिंतीला भिंत लागून तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब. शेजारच्या अम्मा दारातून "इक्कड रा" म्हणायच्या आणि हात हलवायच्या, म्हणजे इकडे ये. "तिन्नावा?" म्हणून ताट पुढे सरकवायच्या, म्हणजे जेवलास का. कुणी अर्थ सांगितला नाही, वहीत काही लिहून घेतलं नाही. शाळेत जायच्या वयात मी गोट्या तेलुगूत खेळत होतो, आणि भांडण लागलं की ते तर तेलुगूतच.

हाच मी पाचवी ते बारावी आठ वर्षं इंग्रजी शिकलो. 'गो, वेंट, गॉन' झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं. तोंडातून मात्र 'माय नेम इज'च्या पुढे गाडी सरकत नव्हती. पुढे एकोणतिसाव्या वर्षी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात डिस्पॅचला लागलो. माल परदेशी जायचा, आणि फोन वाजला की मी बाथरूमला जायचो. दोन क्लास केले, फी भरली, दर रविवारी टेन्सचे तक्ते उतरवले. तरी फोन वाजला की बाथरूम.

मग एकदा फोन घ्यावाच लागला. समोरच्याने जादा माल किती पाठवायचा ते सांगितलं, मी 'ओके ओके' म्हटलं आणि पन्नास कार्टन बाजूला काढायला लावले. त्याला हवे होते पंधरा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. माल गाडीत चढण्याआधी लक्षात आलं म्हणून निभावलं, पण त्या रात्री झोप लागली नाही. माझं व्याकरण कुठेच चुकलं नव्हतं. चुकला होता कान. त्यानंतर मी अम्मांची पद्धत इंग्रजीला लावून बघितली. आठ महिन्यांत फोन उचलायला लागलो. ती वाट कशी होती, कुठे घसरलो, ते खाली आहे.

काय काय लागतं

कागदपत्रं काही नाहीत. दाखला नको, फोटो नको, आधारची झेरॉक्स नको. लागतं ते एवढंच:

- हातात आहे तोच फोन.
- तारेचे इअरफोन. बिनतारी असतील तर चार्जिंग संपलं हे कारण आयतं मिळतं.
- एक शंभर पानी वही आणि लाल पेन.
- रोज ४० मिनिटं. पहिले तीन आठवडे सगळी ऐकण्याची, नंतर २५ ऐकायला आणि १५ बोलायला. रविवारी चार तास आणि मग आठवडाभर काही नाही, याचा उपयोग होत नाही.
- तीन आठवड्यांनंतर एक माणूस. त्याच्याबद्दल पाचव्या पायरीत.

वय किती हे लागत नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले तेव्हा २७ वर्षांचे होते, आणि तिथे राहून चिनी शिकले. आपल्याला तर घरीच बसून शिकायचंय.

१. पहिले तीन आठवडे तोंड बंद

सगळ्यांना हीच पायरी गाळायची असते. क्लासवालेही पहिल्या दिवशी उभं करून 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ' करायला लावतात. लहान मूल वर्षभर नुसतं ऐकतं, तेव्हा त्याला कुणी उभं करत नाही.

स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हे नीट मांडलं. नियम घोकून भाषा तोंडात बसत नाही. आपल्याला समजेल असं, पण आपल्या पातळीपेक्षा जरासं वरचं बोलणं भरपूर कानावर पडलं की ती आपोआप मुरते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सगळ्या मतांवर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही, आणि नुसत्या ऐकण्यावर भागत नाही हे पुढे येईलच. पण सुरुवात ऐकण्यापासून, हे मला शंभर टक्के पटलं.

या तीन आठवड्यांत कुणी इंग्रजी बोलायला लावलं तर हसून मराठीत उत्तर द्या. लाज बाळगू नका.

२. ऐकायचं काय

माझी पहिली चूक इथेच झाली. कुणीतरी म्हणालं इंग्रजी सिनेमे बघ. तीन बघितले, खाली हिंदी सबटायटल लावून. हिंदी वाचन सुधारलं.

निवडायची कसोटी सोपी आहे. दहा वाक्यं ऐका. सात-आठ वाक्यांचा मतलब लागला तर ते तुमच्यासाठी. तीन-चारच कळली तर तो नुसता आवाज आहे, तो दिवसभर कानात चालू ठेवला तरी काही होत नाही. दहाच्या दहा कळली तर पुढे सरका.

अगदी सुरुवातीला 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चे शिकणाऱ्यांसाठी केलेले जुने कार्यक्रम घ्या. १९५९ साली त्यांनी 'स्पेशल इंग्लिश' नावाचा प्रकार सुरू केला: सुमारे १,५०० शब्द, छोटी वाक्यं, निवेदक सावकाश बोलणार. कंटाळवाणं वाटेल, पण कळेल. आणि कळतंय म्हटल्यावर जो हुरूप येतो त्याला तोड नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश'. दोन माणसं सहा मिनिटं गप्पा मारतात आणि त्याचं पूर्ण ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेलं सगळं लिहून काढलेलं, फुकट मिळतं. हे ट्रान्सक्रिप्ट पुढच्या पायरीला लागणारच आहे.

मध्ये आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ठेवा. उच्चार आपल्याकडचे, आणि बातमी आदल्या रात्री मराठीत ऐकलेली असते, त्यामुळे निम्मा अर्थ आधीच माहीत असतो. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्रीही याच कारणासाठी चांगली. चेंडू कुठे गेला ते डोळ्यांना दिसतंय, मग कानाला शब्द कळतो. अम्मांच्या ताटासारखंच.

व्हिडिओ पाहत असाल तर वेग ०.७५ वर ठेवायला हरकत नाही, पण आठवडाभरच. त्या वेगाची सवय लागली की खरा माणूस फार घाईत बोलतोय असं वाटायला लागतं.

३. एक तुकडा, सात वेळा

बाकी काही जमलं नाही तरी चालेल, ही पायरी सोडू नका. माझे आठ महिने खरं म्हणजे हिच्यातच गेले.

दोन मिनिटांचा तुकडा घ्या, जास्त नको. पहिल्यांदा नुसता ऐका. दुसऱ्यांदा कोण बोलतंय, कशाबद्दल, एवढं पकडा. तिसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबवून जे कानाला ऐकू आलं ते देवनागरीत लिहा. स्पेलिंगचा विचार करायचा नाही. आपली लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, हा आपला मोठा फायदा, तो वापरा. चौथ्यांदा ट्रान्सक्रिप्ट उघडून लाल पेनने ताडून बघा. पाचव्यांदा ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून ऐका, सहाव्यांदा ते मिटून. सातव्यांदा दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढी करताना किंवा पोळ्या लाटताना.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एक वाक्य आहे: 'आयल गेटिट फोर्या'. 'गेटिट' हा मला नवाच शब्द वाटला. डिक्शनरीत शोधला, बराच वेळ. ट्रान्सक्रिप्ट उघडलं तर 'आय विल गेट इट फॉर यू'. पाचवीच्या पुस्तकातले शब्द! सगळे माहीत असलेले. फक्त एकमेकांच्या गळ्यात गळे घालून आले म्हणून ओळखू आले नाहीत.

यात नवल वाटायचं कारण नाही. पुस्तकात आपण 'काय करत आहेस?' वाचतो आणि कट्ट्यावर म्हणतो 'काय करलालास बे?' पुण्याहून नवीन आलेला माणूस पहिल्यांदा हे ऐकतो तेव्हा गडबडतोच. आपल्याला शाळेत पुस्तकातलं इंग्रजी मिळालं, आणि लोक त्यांच्या गल्लीतलं बोलतात.

काय काय आवळलं जातं, ते वहीतून माझ्या लक्षात आलं ते असं.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दावर जोर पडतो आणि बाकीचे बारीकसारीक शब्द, म्हणजे टू, ऑफ, फॉर, अँड, कॅन, चिरडले जातात. चिरडल्यावर त्यांचा स्वर आपल्या साध्या 'अ'सारखा उरतो. म्हणून 'कप ऑफ टी' कानाला 'कपव टी' येतं. 'व्हॉट डू यू वॉन्ट टू डू'चं 'वॉड्या वॉना डू' होतं.

यातला सगळ्यात धोकादायक प्रकार म्हणजे 'कॅन' आणि 'कान्ट'. 'आय कॅन कम' म्हणताना 'कॅन' चिरडला जाऊन 'आय कन् कम' होतो. नकारात मात्र स्वर ठसठशीत येतो, आणि शेवटचा 'ट' कित्येकदा ऐकूच येत नाही, त्यातून अमेरिकन असेल तर नाहीच. तेव्हा 'ट' शोधत बसू नका. स्वर दबका आला तर हो, ठणठणीत आला तर नाही. मी आधी बरोबर उलटं समजायचो. एवढा ठासून म्हणतोय, म्हणजे नक्की येतोय!

आणि तो पंधरा-पन्नासचा घोळ. 'फिफ्टीन'मध्ये जोर बहुधा शेवटच्या 'टीन'वर असतो आणि तो लांबतो. 'फिफ्टी'त जोर पहिल्या 'फिफ्'वर, शेवट आखूड. थर्टीन-थर्टी, फोर्टीन-फोर्टी, सगळ्यांचं हेच. तरीही कामाच्या ठिकाणी कानावर विसंबू नका. 'वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?' असं विचारूनच घ्या. ते लोकही एकमेकांना असंच विचारतात.

४. मागोमाग बोला

तीन आठवडे झाले की तोंड उघडा, पण माणसासमोर नाही. ऐकून ऐकून पाठ झालेला तोच तुकडा लावा आणि निवेदकाच्या अर्ध्या शब्दामागून तुम्हीही म्हणा. थांबवायचं नाही. सुटलं ते सुटलं, पुढचं पकडा. आरती म्हणताना मागच्या रांगेतले लोक म्हणतात ना, अगदी तसं.

मी सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने चालताना हे करायचो. इअरफोन कानात असले की लोकांना वाटतं फोनवर बोलतोय. कुणी ढुंकून बघत नाही.

उच्चारात आपल्या लोकांची दोन-तीनच ठिकाणं अडतात. एक म्हणजे 'व'. इंग्रजीत दोन आहेत: एक ओठांचा चंबू करून, 'वॉटर', 'वेस्ट', दुसरा वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, 'व्हॅन', 'व्हेरी'. दुसरं म्हणजे 'ज' आणि 'झ'. 'झिरो'ला 'जिरो' म्हणायची सवय हिंदीतून आली असेल तर मोडा, मराठीत 'जहाज'मधला ज आपण बरोबर म्हणतोच. तिसरं, लिहिलेलं सगळं वाचायचं नसतं: 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातल्या 'बी'ला कुणी विचारत नाही. ब्रिटिश-अमेरिकन ढंग आणायच्या भानगडीत मात्र पडू नका. सोलापुरी हेल राहिला तरी चालतं, जोर योग्य जागी पडला की समोरच्याला कळतं.

५. एक माणूस शोधा

नुसत्या ऐकण्यावर का भागत नाही? कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकली. फ्रेंच समजायची उत्तम, बोलण्यात मात्र कच्चेपणा राहिला. तिथल्या भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी त्यावरून १९८५ साली मांडलं की बोलायची वेळ आल्याशिवाय आपल्याला काय येत नाही ते आपल्यालाच कळत नाही. माझा अनुभव तंतोतंत हाच.

गोरा माणूस शोधत बसू नका. माझा जोडीदार आमच्याच अकाउंट्समधला, घरी कन्नड बोलणारा. दर गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर, २० मिनिटं. पहिल्या दिवशीचं आमचं संभाषण अख्खं लिहून देतो. एप्रिल होता.

"टुडे वॉज व्हेरी हॉट."
"येस. व्हेरी हॉट."

मग चहा येईपर्यंत दोघंही रस्त्याकडे बघत बसलो. दुसऱ्या आठवड्यात नियम केले, ते तुम्हीही घ्या.

शब्द अडला तर तिथे मराठी शब्द टाकायचा, पण वाक्य इंग्रजीतच पुरं करायचं. "माय ब्रदर वॉज रुसलेला" चालतं. मध्येच चूक काढायची नाही. शेवटी दोघांनी एकमेकांच्या तीन चुका सांगायच्या, चौथी सांगायची नाही. जो पूर्ण मराठीवर घसरेल त्याने चहाचे पैसे द्यायचे. पहिला महिना मीच दिले.

विषय सुचत नाही ही सगळ्यांचीच अडचण. त्यावर आम्हाला चाललेला एक खेळ: वस्तूचं नाव न घेता ती परक्या माणसाला सांगायची. कडक भाकरी सांगून बघा. "इट इज अ फ्लॅट ब्रेड, बट ड्राय, लाइक पापड. यू कॅन कीप इट फॉर मेनी डेज. यू ब्रेक इट, यू डोन्ट टेअर इट." या शेवटच्या वाक्याला आम्ही दोघं दहा मिनिटं झगडलो होतो. मोडणं आणि फाडणं. तो फरक आता मरेपर्यंत विसरणार नाही. शेंगाची चटणी, हुरडा, गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, एकेक गुरुवार सहज निघतो.

जोडीदार मिळेपर्यंत फोनमधल्या एआयशी आवाजात बोलता येतं. लाज जायला उत्तम, रात्री अकरालाही हजर. पण तो फार समजूतदार आहे, तुमचं अर्धवट वाक्यही गोड मानून घेतो. खरा माणूस "काय?" म्हणतो, आणि त्या "काय?"ची सवय व्हायला हवी. अनोळखी लोकांशी गाठ घालून देणारी अ‍ॅप्सही आहेत. तिथे स्वतःचा नंबर, पत्ता, फोटो देऊ नका, आणि बोलता बोलता कुणी पैशांचा किंवा परदेशातल्या नोकरीचा विषय काढला की लगेच बंद करा.

६. स्वतःच्या कामाचं इंग्रजी आधी

'अ‍ॅट द एअरपोर्ट' आणि 'अ‍ॅट द रेस्टॉरंट' हे धडे सगळीकडे असतात. मी अजून विमानात बसलो नाही. मला लागत होतं ते ताणा म्हणजे वॉर्प, बाणा म्हणजे वेफ्ट, टॉवेलवरच्या उभ्या धाग्यांच्या फाशांना पाईल, आणि जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. तुम्ही नर्स असाल, मेडिकल चालवत असाल, मुलाच्या शाळेत मॅडमशी बोलायचं असेल, तर दिवसात जी वीस वाक्यं तुम्ही मराठीत बोलता ती वहीत लिहा. मग आपल्या धंद्यावरचा एखादा इंग्रजी व्हिडिओ शोधून तेच लोक कसं म्हणतात ते ऐका. मराठीवरून शब्दाला शब्द लावून वाक्य बनवू नका. त्यातून 'माय हेड इज ईटिंग' होतं.

काही खड्डे

'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' असं लिहिलेली जाहिरात दिसली की पैसे खिशातच राहू द्या. क्लास वाईट नसतो, पण चौकशीला जाल तेव्हा एकच विचारा: तासाभरात प्रत्येक विद्यार्थी किती मिनिटं बोलतो? उत्तर गोलमोल आलं तर उठा.

रोज वीस शब्द पाठ करायची वही मीही केली होती. महिन्याने त्यातले चार आठवत होते.

मित्र हसतात. सोलापुरात तर हमखास: "काय बे, लंडनला चाललास का?" त्यांना एका गुरुवारी चहाला बोलवा. आमच्याकडे असा हसणारा एक येऊन बसला, तो आता नियमित येतो, आणि चहाचे पैसे हल्ली तोच देतो.

आणि हे मी लपवत नाही: या वाटेने लिहिणं सुधारत नाही. मला ईमेल लिहायला आजही व्याकरणाचं पुस्तक उघडावं लागतं. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर ते पुस्तक लागणारच. पण कान तयार झाल्यावर ते उघडलं की नियम ओळखीचे वाटतात, हा फरक मात्र आहे.

७. फोनवर

ही शेवटची पायरी, कारण सगळ्यात अवघड. फोनवर चेहरा नाही, ओठ नाहीत, हातवारे नाहीत. चार वाक्यं आधी पाठ करून ठेवा:

- 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?'
- 'अ लिटल स्लोअर, प्लीज.'
- 'लेट मी रिपीट, जस्ट टू बी शुअर.'
- 'आय विल चेक अँड कॉल यू बॅक.'

'येस येस' आणि 'ओके ओके' हे दोन शब्द जिभेवरून काढून टाका, न कळता ते आले की पन्नास कार्टन हलतात. आकडा, तारीख आणि माल, तिन्ही गोष्टी परत म्हणून दाखवा. फोन ठेवला की तेच ईमेलवर दोन ओळींत पाठवा.

आणि माग चालू असलेल्या शेडमध्ये उभं राहून परदेशी फोन उचलू नका. तिथे मराठीसुद्धा ऐकू येत नाही. ऑफिसात या, दार लावा, वही उघडा, मग 'हॅलो' म्हणा.